घातक कचऱ्याच्या भरावाशेजारचं घर : स्थलांतराच्या संमतीपत्रावर सही करावी का?

कोपऱ्यातलं_घर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्या वसाहतीच्या मागे कारखान्यांच्या घातक कचऱ्याचा भराव आहे. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. वर माती टाकून गवत लावलंय, त्यामुळे नवख्या माणसाला ती टेकडीच वाटते. आम्ही सगळे त्याला 'डम्पिंग' म्हणतो. मागच्या मोठ्या पावसानंतर टेकडीच्या कुशीतून तपकिरी पाणी झिरपायला लागलं, आणि आमच्या मागच्या मोरीतून थिनरसारखा गोडूस वास येऊ लागला. तक्रारी झाल्या, माणसं आली, जमिनीत नळ्या ठोकून हवेचे नमुने घेऊन गेली. मग एक बैठक झाली आणि आता यादी लागली आहे. भरावालगतच्या पहिल्या दोन ओळी स्थलांतराला पात्र. आमचं घर दुसऱ्या ओळीत. रस्त्यापलीकडची तिसरी ओळ यादीत नाही, आणि नेमकी तिथे माझी जाऊ राहते. तिची दोन्ही मुलं अजून शाळेतही जात नाहीत.

देणार काय, तर घराची 'निर्धारित किंमत' आणि सामान हलवायचा खर्च. सोबत संमतीपत्र आहे. त्यातलं एक कलम जसंच्या तसं देते : 'सदर मोबदला स्वीकारल्यानंतर मालमत्ता, आरोग्य अथवा अन्य कोणत्याही कारणास्तव सदर जागेसंदर्भात कोणताही दावा करणार नाही.' मुदत थोडी आहे. बैठकीत एक साहेब म्हणाले, सही केलेल्यांचा नंबर आधी लागेल.

नवरा म्हणतो, मिळतंय ते घेऊ आणि सुटू. सासूबाई म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय व्हायचंय. वरच्या खोल्यांत भाडेकरू जोडपं आहे, त्यांचं यादीत नावच नाही. बैठकीत त्यांनी विचारलं तर 'ते तुमचं आणि मालकांचं' असं उत्तर मिळालं. म्हणजे आमच्यावरच ढकललं.

कुणी अशातून गेलं असेल तर सांगा. सही करावी का? किंमत कशावर ठरायला हवी? आणि यादीची ही रेघ काढतात तरी कशी?

रोखठोक

सही करा आणि निघा. तत्त्वासाठी विष हुंगत बसण्यात काय अर्थ आहे? कोर्टकचेरीत आयुष्य जाईल. तब्येत सांभाळा, बाकी सगळं दुय्यम. लहान मुलांना तर आजच्या आज हलवा.

पिझोमीटर

रोखठोक, निम्मं पटलं. निघायचं हे खरंच. पण निघायचं म्हणजे सही करायचीच असं जे भासवलं जातंय, मेख तिथे आहे.

माझी ओळख एवढीच की भरावांभोवतीच्या निरीक्षण विहिरींचं पाणी आणि जमिनीतल्या वाफा मोजण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. शेवटी शेवटी एका स्थलांतराच्या कामात रहिवाशांच्या बाजूला बसून कागद वाचले. कुठलं ते लिहिणार नाही.

आधी निघण्याचं. 'स्थलांतर' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक तात्पुरती : वास आहे, नमुन्यात काहीतरी सापडलंय, तपास संपेपर्यंत माणसांना दुसरीकडे ठेवा, भाडं यंत्रणेने भरावं. दुसरी कायमची : घर विकत घ्या. तात्पुरत्यासाठी तुमची मालमत्ता, किंमत, हक्क यांतलं काहीही मिटायची गरज नसते. तुमच्या कागदात तात्पुरत्याचा पर्यायच दिसत नाही. तो लेखी मागा. कारण म्हणून मोरीचा वास, लहान मुलं आणि सासूबाईंचं वय लिहा. एकदा तुम्ही सुरक्षित जागी झोपायला लागलात की मुदतीचा धाक उरत नाही. मग संमतीपत्र निवांत वाचता येतं.

आता ते कलम. घराची विक्री हा एक व्यवहार आणि तब्येतीचा दावा हा दुसरा. दोन्ही एका सहीत गुंडाळू देऊ नका. बेंझीनसारख्या द्रव्यांमुळे होणारे रक्ताचे आजार वर्षानुवर्षांनी डोकं वर काढतात. आज जे झालेलंच नाही त्यावर आज पाणी कसं सोडायचं? अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनॉल हे या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५२ या काळात एका अर्धवट खणलेल्या कालव्यात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला, १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली, आणि तिथे शाळा नि वस्ती उभी राहिली. १९७८ मध्ये सरकारने घरं विकत घ्यायला सुरुवात केली. तब्येतीचे दावे मात्र वेगळे चालले. तेराशेहून अधिक रहिवाशांचा हूकरची वारसदार कंपनी ऑक्सिडेंटलशी सुमारे २ कोटी डॉलरना समझोता झाला तो १९८३ मध्ये, म्हणजे घरं गेल्यावर पाच वर्षांनी. आणि सरकारने स्वतःचा खर्च कंपनीकडून वसूल केला तो त्याहून उशिरा : राज्याने १९९४ मध्ये ९.८ कोटी डॉलर, केंद्राने १९९५ मध्ये १२.९ कोटी. थोडक्यात, आधी माणसं हलवली आणि दोषी कोण, पैसे किती हे भांडण मागाहून पुरं केलं. क्रम तोच हवा. तुमच्याकडे तो उलटा करू बघतायत.

म्हणून कलमातला 'आरोग्य अथवा अन्य कोणत्याही कारणास्तव' हा तुकडा खोडून, बाजूला दोन्ही पक्षांच्या सह्या घेऊन मगच पुढे जा. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. तोंडी नकार जितक्या झटकन येतो तितक्या झटकन लेखी येत नाही, हा माझा अनुभव. आणि एखाद्या वकिलाला हा एवढाच कागद दाखवा, सगळी केस नाही.

किंमत. विचारा एकच : ही किंमत कचरा नाही असं धरून काढलीय की कचरा आहे असं धरून? भरावाची बातमी फुटल्यावर शेजारच्या घराला गिऱ्हाईक कोण येणार? तो पडलेला भाव 'बाजारभाव' म्हणून गळ्यात मारतात. प्रदूषण नसतं तर जी किंमत आली असती तीच धरायची असते. वर 'घर जुनं आहे' म्हणून घसारा कापला असेल तर तोही तपासा. जागतिक बँकेच्या प्रकल्पांना २०१८ पासून लागू असलेल्या पुनर्वसनाच्या मानकात स्पष्ट आहे की मोबदला बदली-किमतीने, म्हणजे तसंच घर आज दुसरीकडे घ्यायला जे लागेल ते, आणि त्यातून घसारा वजा करायचा नाही. तुमच्या प्रकरणाला ते मानक लागू नसेलही. पण अर्ज लिहायला भाषा तयार मिळते.

आता रेघ, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बहुतेक वेळा ती अंतर मोजून काढतात, कारण नकाशावर ते सोपं. रसायनांना अंतर कळत नाही, त्यांना वाट कळते. लव्ह कॅनॉलला पहिली रेघ कालव्यालगतच्या दोन ओळींभोवती पडली, तुमच्यासारखीच. सुमारे २४० घरं आत, बाकीची कुंपणाबाहेर. बाहेरच्या बायकांनी, त्यात लुइस गिब्ज पुढे होत्या, घरोघर फिरून आजारांची माहिती गोळा केली आणि ती नकाशावर मांडली. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंनी ती जुन्या बुजवलेल्या ओहोळांच्या खुणांशी ताडून पाहिली. आजार अंतराप्रमाणे नव्हे, तर त्या ओल्या पट्ट्यांच्या कडेने जास्त दिसत होते. राज्याच्या आरोग्य खात्याने आधी ते उडवून लावलं. पण १९८० संपण्याआधी बाहेरच्या कुटुंबांनाही जायचं असेल तर जाण्याची सोय करावी लागली.

तुमच्या मोरीच्या वासाकडे मी त्या नजरेने बघते. सांडपाण्याचा पाइप टाकताना चरात खडी-वाळू पसरतात. आजूबाजूला चिकणमाती असेल तर वाफांना आणि झिरपलेल्या पाण्याला ती खडी म्हणजे मोकळा रस्ता. भरावाच्या बाजूचं पाणी त्या चराला लागलं की ते पाइपाच्या बाहेरून चरभर सरकतं. तेव्हा मला सांगा, तुमच्या मोरीची लाइन पुढे कुठे जाते?

जाता जाता एक काम आजपासून करा. वहीत तारीख, वेळ, वास कुठे आला, कसला, वारा-पाऊस, आणि जमलं तर हवेचा दाब. मोबाइलवर हवामानात दाब दिसतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ ला भरावातल्या वायूने शेजारचा बंगला उडाला आणि आतली तिघं जबर जखमी झाली. तिथे कचरा साधाच होता, वायू मिथेन. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला होता. वरचा दाब कमी झाला की जमिनीतला वायू बाहेर पडायला धावतो. त्यामुळे 'आम्ही मोजलं तेव्हा काही नव्हतं' असं कुणी म्हणालं तर तुमची वही विचारू शकते की तुम्ही मोजलंत तेव्हा दाब किती होता. आणि नाकावर फार विसंबू नका, ते सरावतं. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला दारातच विचारा, वास येतो का.

वरच्या_मजल्यावरचा

पिझोमीटर यांच्या प्रतिसादाला शंभर मोदक. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी धागाकर्तीच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याच्या जागी होतो. ठिकाण वेगळं, गोष्ट तीच.

मालकांना घराची किंमत मिळाली, ते गेले. आम्हाला कळलं ते वीज तोडायला माणूस आला तेव्हा. अनामत रक्कम मालकांकडे, मालकांचा फोन बंद. नवीन जागेला पुन्हा अनामत, वाढीव भाडं, कामावर जायचं अंतर दुप्पट. बायकोचं शिवणकाम त्याच गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर चालायचं, ते बसलं. यातलं काहीही कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. बरं, वास तर आम्हीही तोच घेतला होता. उलट आम्ही दिवसभर घरात, मालक दिवसभर बाहेर.

तुमच्या भाडेकरूंना एवढं सांगा. भाड्याच्या पावत्या, करारपत्र, त्या पत्त्यावरची जुनी बिलं, बँकेचा पत्ता, जे असेल ते एकत्र करा. यंत्रणा एक दिवस ठरवते आणि म्हणते की त्या दिवशी इथे कोण राहत होतं ते दाखवा. त्या तारखेचा कागद नसेल तर तुम्ही तिथे नव्हताच. आणि तुम्ही मालक म्हणून एक पत्र द्या की हे लोक अमुक तारखेपासून इथे राहतात. तुमचं त्यात काही जात नाही. आमच्या मालकांनी 'उगाच भानगड' म्हणून ते दिलं नाही.

पिझोमीटर

वरचा मजला, बरं केलंत लिहिलंत. लव्ह कॅनॉलचीही जी गोष्ट जगभर सांगितली जाते ती घरमालकांची. शेजारच्याच ग्रिफन मॅनर या सरकारी गाळ्यांतले भाडेकरू, बहुतांश कृष्णवर्णीय, त्यांना स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. मगाशी सांगितलेल्या जागतिक बँकेच्या मानकात मालकीचा कागद नसलेल्यांनाही मदत आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई धरली आहे. शिवणकाम त्यात येतं.

कोपऱ्यातलं_घर (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. भाडेकरूंना पत्र लिहून दिलं. नवऱ्याची कुरकुर झाली, पण दिलं.

पिझोमीटर ताई, तुमचं ते मोरीचं वाचून मी काल झाकणं बघत फिरले. आमची लाइन मागून येते, घराच्या कडेने जाते आणि रस्ता ओलांडून सरळ तिसऱ्या ओळीच्या मागच्या बाजूला जाते. जाऊबाईंना विचारलं तर म्हणाली, न्हाणीघरात कधीकधी येतो तसला वास, मला वाटलं फरशी पुसायच्या औषधाचा असेल! तिच्याकडे नमुने घ्यायला कुणी आलंच नव्हतं. तिसऱ्या ओळीत एकाही घरी आले नाहीत. म्हणजे 'तिसऱ्या ओळीत काही सापडलं नाही' हे बैठकीतलं वाक्य शोधलंच नाही म्हणून होतं का?

आणि दुसरं, रक्ताच्या तपासण्या करून घेऊ का? एका ओळखीच्यांनी सांगितलं, शरीरातली रसायनं मोजतात, महागडं पॅकेज आहे.

पिझोमीटर

हो, तसंच होतं. असली वाक्यं मी अहवालांत इतक्यांदा वाचलीत की हल्ली निष्कर्षाआधी नमुन्यांच्या जागांचा नकाशा उघडते.

आता अर्ज करा, दोन्ही ओळींचा मिळून एकच. तुम्ही आत, त्या बाहेर, म्हणून वेगवेगळे अर्ज गेले की यंत्रणेलाही सोयीचं होतं, आतले गप्प होतात. अर्जात मागा : सांडपाण्याच्या लाइनचा नकाशा, चराच्या कडेने वाफांचे नमुने, तिसऱ्या ओळीत जमिनीखालचे आणि घरातले नमुने एकाच दिवशी, आणि तेही ऋतू बदलून पुन्हा. घरातला नमुना घेण्याआधी रंग, थिनर, नखांचं पॉलिश, फरशीचं औषध घरातून काढून ठेवायला सांगा, नाहीतर जे सापडेल ते 'तुमच्याच बाटलीतलं' ठरतं. जाऊबाईंच्या न्हाणीघरात फरशी आणि भिंत जिथे मिळते त्या सांध्यावर केसाएवढी फट असते, पाइप जमिनीत शिरतो तिथे कडं सैल असतं. वाफा तिथून येतात. जाळीखालचा पाण्याचा सापळा सुकला असेल तर तिथूनही. सापळ्यात रोज तांब्याभर पाणी ओतलं तर तेवढा वास थांबेल. पण वास थांबला म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका, आणि ओतण्याआधी वहीत नोंद करा.

मुलांसाठी तात्पुरतं स्थलांतर मागताना वयाची अट मान्य करू नका. २ ऑगस्ट १९७८ च्या लव्ह कॅनॉलच्या आदेशात गरोदर बायका आणि दोन वर्षांखालची मुलं, एवढ्यांनीच निघावं असं होतं. घरात तीन वर्षांचं मूल असलेल्या आईने काय करायचं? कुटुंब म्हणून मागा.

झिरपणाऱ्या तपकिरी पाण्याबद्दल वेगळी तक्रार द्या. ते नुसतं प्रदूषणाचं लक्षण नाही. कुस आतून भिजून सैल होते आहे का, हे बघायला उताराचा अभियंता लागतो. फिलिपिन्समध्ये पायातासचा कचऱ्याचा डोंगर १० जुलै २००० ला पावसानंतर वस्तीवर कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तुमची टेकडी तेवढी नसेल, तिच्यावर आवरणही आहे. तरी माथ्यावर नवी भेग किंवा पायथ्याशी फुगवटा दिसला तर फोटो काढत बसू नका, आधी बाजूला व्हा.

रक्ताचं : ते पॅकेज घेऊ नका. बेंझीन, थिनरमधली द्रव्यं शरीरातून काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जातात. आज काही नाही सापडलं तर ते वर्षभराबद्दल काहीच सांगत नाही, आणि समोरचा वकील तोच कागद फडकावेल. डायॉक्सिन, पीसीबी यांसारखी टिकाऊ विषारी रसायनं असतील तर गोष्ट वेगळी, ती चरबीत वर्षानुवर्षं राहतात. म्हणून आधी कचऱ्यात काय पुरलंय त्याची नोंद मागा. तोवर साध्या तपासण्या करून ठेवा : रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड. डॉक्टरांना पत्ता आणि किती वर्षं राहता ते केसपेपरवर लिहायला सांगा. ती एक ओळ फार उपयोगी पडते.

मुळावर_घाव

सगळी चर्चा माणसं हलवण्याची. कचरा का नाही हलवत? ज्यांनी पुरला त्यांनी उकरून न्यावा. लोकांनी आपली घरं का सोडायची? आणि एकदा वस्ती उठली की ती जमीन कुणाच्या घशात जाणार, तेही बघा.

पिझोमीटर

रास्त प्रश्न, आणि तसं झालेलंही आहे. स्वित्झर्लंडमध्ये कोलिकेन इथे १९७८ मध्ये घातक कचऱ्याचा भराव सुरू झाला, शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे १९८५ मध्ये बंद पडला, आणि २००७ पासून २०१५ पर्यंत सगळाच्या सगळा उकरून नेला. त्यावर प्रचंड शेड बांधले आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला, म्हणजे वास बाहेर न येता हवा आतच ओढली जाते. हॉलंडमधल्या लेकरकेर्कमध्ये १९८० साली अडीचशेहून अधिक घरांखाली रसायनांची पिंपं सापडली. तिथे माणसं काही काळ हलवून घरांखालची माती काढली.

पण बघा, लेकरकेर्कलाही आधी माणसं हलवावी लागली. पिंप उघडं पडतं तेव्हाच सगळ्यात जास्त वाफ सुटते. लव्ह कॅनॉलला तर कचरा उकरलाही नव्हता, भोवती निचऱ्याचे चर खणत होते, तरी १९७९ मध्ये वाफांच्या त्रासाने शेकडो लोकांना हॉटेलांत ठेवावं लागलं. उकरायला शेजारी राहून विरोध करा किंवा पाठिंबा द्या, काम चालू असताना तिथे झोपू नका.

नुसती वरची माती बदलून गप्प बसवण्याचा तिसरा प्रकारही असतो. न्यू ऑर्लिन्समध्ये जुन्या शहरी भरावावर गॉर्डन प्लाझा ही वस्ती बांधली. १९९४ मध्ये ती जागा अमेरिकेच्या सुपरफंड यादीत, म्हणजे आधी साफ करायच्या घातक जागांच्या सरकारी यादीत गेली, वरची दोन फूट माती काढून खाली कापड अंथरून नवी माती घातली, आणि राहा म्हणाले. घरं विकत घेण्यासाठी शहराने ३.५ कोटी डॉलर मंजूर केले ते २०२२ मध्ये. मधल्या काळात ती घरं ना राहण्याजोगी ना विकण्याजोगी.

जमिनीचं म्हणाल तर तुमचा संशय पोकळ नाही. लव्ह कॅनॉलच्या बाहेरच्या भागातली रिकामी घरं डागडुजी करून १९९० पासून पुन्हा विकली. त्यामुळे रिकाम्या जागेचं पुढे काय होणार हे संमतीपत्रात विचारून ठेवणं चांगलंच.

कोपऱ्यातलं_घर (धागाकर्ती)

इथे काय झालं ते सांगते. दोन्ही ओळींचा मिळून अर्ज गेला, पोच घेतली. जाऊबाईंकडे नमुने घ्यायला माणसं येऊन गेली, निकाल यायचाय. ती आणि मुलं सध्या तिच्या भावाकडे आहेत, भाड्याच्या पावत्या नसल्या तरी प्रवासखर्चाच्या ठेवतेय. आरोग्याचं कलम खोडायला साहेब तयार नव्हते. लेखी नकार द्या म्हटल्यावर 'वरती विचारतो' म्हणाले. मुदत मात्र वाढली, सगळ्यांसाठीच.

सासूबाईंचं कसं करू? आता म्हणतात, मी येते, पण माझं सगळं सामान येणार. गाद्या, सतरंज्या, दिवाण, कुंड्या, सगळं. आणि शेजारच्या काकू कुठे जाणार ते आधी सांगा. न्यावं का हे सामान?

पिझोमीटर

साहेब वरती विचारायला गेले म्हणजे कलम हलण्यासारखं आहे. सोडू नका.

काकूंचा प्रश्न सासूबाईंनी अगदी बरोबर विचारलाय. मायकेल चेर्निया या समाजशास्त्रज्ञांनी विस्थापनाने माणूस कसा खंक होतो याचे आठ धोके मांडलेत. घर जाणं हा त्यातला एक, आणि शेजारपाजाराची वीण उसवणं हा वेगळा, स्वतंत्र. सगळ्यांना सुट्या रकमा देऊन पांगवण्यापेक्षा ज्यांना एकत्र जायचंय त्यांनी तशी यादी करून द्यावी, शेजारशेजारची घरं मागावीत. म्हाताऱ्या माणसाचं औषध वेळेवर घेतलं का हे विचारणारी काकू मोबदल्याच्या कुठल्या रकान्यात येत नाही. पण एकाच इमारतीत मागितली तर कधीकधी मिळते.

सामान : तुमच्याकडे वाफांचा प्रश्न आहे असं धरून सांगते. भांडी, काच, स्टील धुऊन न्या. कपडे धुऊन, उन्हात वाळवून न्या. लाकडी दिवाण पुसून, काही दिवस मोकळ्या हवेत ठेवून नेता येईल, वास राहिला तर नाही. गाद्या, उशा, सतरंज्या वास धरून ठेवतात, त्या सोडा. कुंड्यांतली माती मागच्या अंगणातली असेल तर ती तिथेच टाका, रोपाच्या फांद्या खुडून नव्या मातीत लावा. कचऱ्यात धुळीवाटे पसरणारं काही निघालं, शिसं वगैरे, तर ही यादी बदलेल, तेव्हा नोंदी आल्या की इथे टाका.

आणि सासूबाईंना सांगा, जे सोडायचं त्याची यादी त्यांनीच करावी. प्रत्येक वस्तूचा फोटो, शेजारी आज नवीन घ्यायला काय पडेल ती किंमत. ती यादी मोबदल्याच्या अर्जाला जोडा, दोन प्रतींत, एकीवर शिक्का घ्या.